बंद बॅगेचा तास

प्रभा रहाळकर मॅडमना तुम्ही काहीही सांगा, त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आणि?"

भाजीवाल्याने मेथीचा भाव सांगितला, "और?" प्राचार्यांनी तपासणीची तारीख सांगितली, "और?" एखाद्या विद्यार्थिनीने उभं राहून पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं, वर्गाने सुटकेचा श्वास सोडला, की खिडकीबाहेर बघत हळूच, "और?" बाहेर "और", घरात "आणि", सूर मात्र एकच. आवाज चढायचा नाही, भुवई उंचवायची नाही. समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी सांगायचं राहिलंय. गंमत म्हणजे बहुतेक वेळा राहिलेलं असायचंच. भाजीवालासुद्धा दुसऱ्या "और"ला मेथी कालची आहे हे कबूल करून टाकायचा.

त्यांच्या तोंडून शाबासकी कोणी ऐकली नाही. तुम्ही बोललात आणि त्यांनी "आणि?" विचारलं नाही, तर समजायचं की तुम्ही पूर्ण बोललात. एवढंच त्यांचं सुवर्णपदक. झाशीच्या त्या नर्सिंग कॉलेजात मी त्यांच्याबरोबर नोकरीची सगळी चांगली वर्षं काढली, पण मला ते काही मिळालं नाही.

खरं तर त्या माझ्या आईची मैत्रीण. आमच्याकडे मराठी घरं मोजकी. गणपतीला सगळी एकत्र येतात, त्यामुळे जो तो एकमेकांचा काका नाहीतर मावशी. घरी त्या प्रभामावशी आणि मी मीनू. शरीररचनेची शिक्षिका म्हणून मी त्यांच्याच कॉलेजात लागले, तेव्हा पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये चुकून "मावशी" म्हणाले. मॅडमनी मागे वळून दाराकडे पाहिलं, जणू कोणाची मावशी आली आहे ते बघायला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीनलजी, आपण काही म्हणालात?" त्या दिवसापासून कॉलेजच्या फाटकात मावशी उतरवून ठेवायची आणि परत जाताना उचलून घ्यायची, हा नियम मी पाळला.

त्यांची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, हिंदीच्या शेजाराने वाढलेली. "बिलकुल", "फिजूल", "परेशान" हे शब्द तिच्यात सुखाने नांदायचे, आणि त्यांच्याच बाजूला जुन्या घरातले असे शब्द बसलेले असायचे की पुण्याचे पाहुणे चाट पडत. लोखंडी कपाटाला त्या फडताळ म्हणत. "मीनलजी, सांगाडा फडताळात ठेवून द्या," हे वाक्य आमच्या स्टाफरूमखेरीज जगात कुठे बोललं गेलं असेल असं मला वाटत नाही. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिनेने लावलेलं घड्याळ, आणि स्कूटी इतकी हळू की इलाइट चौराह्यावर पायी चालणारे लोक नमस्कार करून त्यांच्या पुढे निघून जात.

आता अभ्यासक्रमाबद्दल. हा विषय निघाला की वाचक पान उलटतात हे मला माहीत आहे. मीही उलटलं असतं. आमच्या कॉलेजची अभ्यासक्रम समिती म्हणजे चहा, समोसे आणि मागच्या वर्षीच्या आराखड्यावर नवीन वर्ष घालणं. विषय वरून येतात, तास वरून येतात, मग आपण काय करायचं? मॅडम समितीच्या प्रमुख झाल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी समोसे बाजूला सरकवले. "क्या पढ़ाना है, वह ऊपर से आता है," त्या म्हणाल्या. "कब, कहाँ और किसके घर में बैठकर पढ़ाना है, यह तो हम तय करेंगे। वह भी नहीं करना, तो समोसे किस बात के?"

मग त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना कोरे कागद वाटले आणि आमच्याच कॉलेजच्या जुन्या पेपरातला एक प्रश्न सोडवायला सांगितलं. घरभेटीचे हेतू लिहा. प्राचार्य सक्सेना सरांनाही कागद मिळाला. सरांनी आधी हसून पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, मग शेजारच्या बाईंच्या कागदात पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मुद्दे लिहिले, काहींनी तर अधोरेखितही केले. मॅडमनी सगळे कागद गोळा केले, वाचले आणि विचारलं, "यह सब लिखने वाली लड़की एरच में किसी के घर पहुँची। बैठेगी कहाँ?"

एरच म्हणजे आमच्या मुली घरभेटींना जातात ते गाव. खाटेवर? बाळंतिणीच्या खाटेवर कशी बसेल? जमिनीवर? खुर्ची मागायची? कोणीतरी म्हणालं, खडी रहेगी. "और?" मॅडम म्हणाल्या. समोसे तसेच गार झाले. बंद बॅगेचा तास त्या दिवशी जन्माला आला.

नर्सिंगच्या मुलींना घरभेटीसाठी एक बॅग देतात. आत रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर, ड्रेसिंगचं सामान, साबण, जुनी वर्तमानपत्रं. घरात गेल्यावर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. या पायऱ्या मुलींना पाढ्यांसारख्या पाठ असतात आणि परीक्षक त्यांच्यावर जीव टाकतात. मॅडमनी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच घरभेटी आणल्या आणि नियम घातला की पहिल्या भेटीत बॅग उघडायची नाही. बॅग मांडीशी ठेवायची. घरातली बाई देईल ते पाणी प्यायचं. सकाळी उठल्यापासून त्या घरात काय काय होतं ते ऐकायचं. बाहेर यायचं. बसपाशी मॅडम उभ्या असणार, त्यांना घर सांगायचं.

तपासणीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "फिर इस पीरियड में लड़की सीखती क्या है?"

"बैग खुलती है तो लड़की बैग देखती है," मॅडम म्हणाल्या. "फिर घर कौन देखे?"

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की निराशेची, ते आम्हाला कळलं नाही. अहवालात मात्र त्यांनी काही वाईट लिहिलं नाही, म्हणून सक्सेना सर गप्प बसले.

मुली खरंच घर बघायला लागल्या. एकीने येऊन सांगितलं की आजी गोळ्या घेत नाहीत, कारण डबा वरच्या फळीवर आहे आणि सुनेकडे मागायला त्यांना लाज वाटते. असलं उत्तर आमच्या कुठल्या पेपरात नव्हतं. मॅडमनी डोळे मिटून ते ऐकलं. मला त्यांचा त्या दिवशी हेवा वाटला, हे सांगायला हरकत नाही.

आणि मग रजनीचं प्रकरण झालं.

रजनी मऊरानीपुरची. बापाचं धान्याचं लहानसं दुकान. मुलगी इतकी आज्ञाधारक की मॅडमनी "बसा" म्हटल्याशिवाय सुट्टीतही बसली नसती. एरचच्या ज्या भेटीला मीही बसबरोबर गेले होते, त्या भेटीत तिच्या वाट्याला एक बाळंतिणीचं घर आलं. बाई चांगली वाचली आणि तिचा मुलगा आता शाळेत जातो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. रजनी गेली, चटईवर बसली, पाणी प्याली, सगळं ऐकलं आणि बसपाशी येऊन घर सांगायला लागली. चूल कुठे, पाणी कुठून, सासू कशी, बाळाला मध चाटवला.

"और?" मॅडम म्हणाल्या.

"बहू लेटी थी, मैडम। कह रही थी मूड़ पिरा रओ।" डोकं दुखतंय म्हणत होती.

"और?"

"कह रही थी, आँखों के आगे चिनगी-सी उड़ती हैं। मुँह भी सूजा था।"

डोळ्यांपुढे ठिणग्या आणि सुजलेलं तोंड ऐकल्यावर मॅडमनी तिसरं "और" विचारलं नाही. त्या चालायला लागल्या होत्या. त्यांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाळंतपणानंतर चढलेला रक्तदाब, तोही असा की मॅडमनी दुसऱ्या मुलीच्या बॅगेतल्या यंत्राने पुन्हा एकदा मोजून पाहिला. झटके यायला फार वेळ उरलेला नव्हता. आमच्या कॉलेजच्या बसमध्येच तिला झोपवून झाशीला मोठ्या इस्पितळात आणलं. वाटभर मॅडम तिचा हात धरून बसल्या होत्या. रजनी मागच्या सीटवर, मांडीवर तीच बॅग. अजून बंद.

दुसऱ्या दिवशी बैठक. सक्सेना सर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, पण कॉलेज चालवणाऱ्याने थोडं घाबरट असावंच. ते म्हणाले, "मैडम, भगवान ने बचा लिया। अब पहले दिन से बैग खुलेगी। यह बंद बैग वाला तजुर्बा ख़त्म।" दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीने रजनीवर कारवाई करायचीही सूचना केली.

"लड़की ने वही किया जो मैंने सिखाया," मॅडम म्हणाल्या. "ग़लती मेरी है। मैंने रुकना सिखाया, कब नहीं रुकना है, यह नहीं सिखाया।" मग म्हणाल्या, "रजनी को बुलाइए।"

समितीच्या बैठकीत विद्यार्थिनी हे आमच्याकडे कधी घडलं नव्हतं. रजनी दारात उभी राहिली. मॅडमनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "बेटा, तुम्हें दिख तो गया था। मुँह सूजा है, यह तुमने ख़ुद देखा। फिर बैग क्यों नहीं खोली?"

रजनीने टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपका डर था, मैडम। लगा, खोल दी तो आप नाराज़ होंगी।"

"और?" मॅडम म्हणाल्या. सवयीने गेलं ते तोंडातून.

"और कुछ नहीं, मैडम," रजनी म्हणाली. "बस आपका ही डर था।"

त्यांच्या "और"ला असं संपलेलं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमचा चेहरा बदलला नाही, पण हात पदराच्या घड्याळाकडे गेला आणि तिथेच राहिला. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने मुलींना रोग्याचं ऐकायला शिकवायचं म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याच धाकाने मुलगी रोग्याचं ऐकूनही हात बांधून बसली होती. याला कोणी काय म्हणावं?

सक्सेना सरांना दया आली असावी. "एक साल," ते म्हणाले. "इस पीरियड को जैसे ठीक करना है, कर लीजिए। फिर देखेंगे।" मॅडमच्या निवृत्तीलाही तेवढाच अवधी होता.

त्यांनी ती सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यात घातली. त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत कूलर घरघरत असायचा आणि चटईवर मॅडम, रजनी आणि मी. रहाळकरकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, ते आम्हाला तसराळंभर कलिंगडाच्या फोडी आणून देत आणि म्हणत, "तुमचा एक तास ठरवायला आमचा महिना गेला." एका नियमासाठी इतकं काय बसायचं, असं मलाही वाटायचं. मॅडम रजनीला पुन्हा पुन्हा विचारत, हे वाक्य वाचून तू त्या घरात काय केलं असतंस? रजनी सुरुवातीला "जो आप कहें" म्हणायची. हळूहळू ती "नहीं मैडम, इससे भी नहीं खोलती" म्हणायला लागली, तेव्हा मॅडमच्या कामाला वेग आला.

शेवटी नियम राहिला, पण त्याला एक दार केलं. पहिल्या भेटीत बॅग उघडायची नाही. उघडावीशी वाटली तर उघडायची, कोणाला विचारायचं नाही, नंतर का उघडली ते सांगायचं. उघडली नाही तर का नाही उघडली तेही सांगायचं. गुण त्या सांगण्याला. आणखी एक गोष्ट मॅडमनी आराखड्यात स्वतःच्या हाताने घातली. पहिल्या वर्षाच्या भेटींना समितीच्या प्रमुखांनी जायचं नाही. मुलींचं ऐकायला दुसरी कोणीतरी तरुण शिक्षिका असेल.

मी म्हटलं, "मावशी, हे कशाला? तुम्ही जरा कमी रागावा म्हणजे झालं."

"मी रागावते कुठे, मीनू?" त्या म्हणाल्या. घरी होतो, म्हणून मीनू. "मी उभी असले तरी पुरेसं आहे."

त्यांचं शेवटचं वर्ष मी विसरणार नाही. भेटीच्या दिवशी सकाळी बस निघायची, मुलींचा गलका, निळ्या बॅगा, आणि मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलेल्या. गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पेपर बराच वेळ तोच असायचा. त्या तासासाठी त्या भांडल्या, आणि त्या तासातून त्यांनी स्वतःला काढून घेतलं. आवडती गोष्ट अशी आपल्या हाताने सोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

निवृत्तीच्या समारंभात सक्सेना सर मनापासून बोलले, जरा जास्तच वेळ बोलले, आणि थांबले तसा मागच्या रांगेतून कुठल्यातरी मुलीने "और?" म्हटलं. सभागृह हसून लोटपोट. मॅडमही हसल्या. शाल अंगावर, नारळ मांडीवर.

त्यानंतर माझी भेट झाली की त्यांचा एकच प्रश्न, "तास चालू आहे?"

"आहे ना मावशी. वेळापत्रकात आहे."

"वेळापत्रकात तर वाचनालयाचाही तास होता. आणि?"

आराखडा फायलीत होता. ते एक वर्ष उलटलं तरी कोणी तो बंद करायच्या भानगडीत पडलं नाही, एवढं खरं. पण कागदावरचा तास घरात जाऊन बसलेल्या मुलीच्या डोक्यात शिरतो की नाही, हे कोण सांगणार? मॅडमना तेवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकणारं कोणी नव्हतं. रजनी शिकून तिथेच शिक्षिका झाली होती. तिला विचारलं तर ती म्हणायची, "कोशिश करते हैं, मैडम।"

पुढे मॅडमची तब्येत ढासळली. हृदय थकलं होतं. गोळ्या चालू होत्या, पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्या फडताळासारख्या बंद व्हायच्या. त्या दिवाळीच्या आधी एका दुपारी मी चकल्या घेऊन गेले, तर बोलताना त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, मावशी, चला, आत्ता दाखवून येऊ. "फिजूल परेशान होऊ नकोस," म्हणून त्यांनी हात झटकला. काकांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. ते आठवडाभर हेच ऐकत होते.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. पांढरा कोट, हातात निळी बॅग. "नमस्ते दादी। नर्सिंग कॉलेज से हैं, आपकी गली में घर-घर मिल रहे हैं। अंदर आ जाएँ?" गल्लीच्या तोंडाशी रजनी उभी होती. गल्ली तिने निवडली होती का, हे मी तिला नंतरही विचारलं नाही.

मी तोंड उघडणार, तर मॅडमनी डोळ्यांनी मला दटावलं. मुलीला काही सांगायचं नाही. काकांनी पाणी आणलं. मुलगी ते प्याली, सगळं प्याली. इकडेतिकडे बघून पलंगावर न बसता दाराजवळचं स्टूल ओढलं. बॅग मांडीशी ठेवली. "दादी, सुबह उठने से बताइए, क्या-क्या करती हैं?"

मॅडम सांगायला लागल्या. चहा, पूजा, पेपर. अगदी गरीब म्हातारीसारख्या, एका शब्दाला एक शब्द. मुलगी ऐकत होती. एकदा तिची नजर पलंगाच्या उशाशी रचलेल्या उशांवर गेली. एकदा मॅडमच्या पावलांवर. मॅडम मध्येच वाक्य तोडून श्वास घ्यायला थांबल्या, पुन्हा बोलल्या, पुन्हा थांबल्या.

मुलीने बॅगेतलं वर्तमानपत्र काढून जमिनीवर अंथरलं. त्यावर बॅग ठेवली. काकांना मोरी कुठे विचारून हात धुऊन आली. आणि बॅग उघडली.

"पहली बार में बैग नहीं खोलते," मॅडम म्हणाल्या. आवाज म्हातारीचा राहिला नव्हता. "यह नहीं सिखाया तुम्हें?"

मुलगी दचकली. तिने मॅडमकडे पाहिलं, पण रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा हातातून खाली ठेवला नाही. "सिखाया है, दादी। पर आप बोलते-बोलते रुक रही हैं। पाँव पर चप्पल का निशान गहरा है। और इतने तकिए हैं, यानी आप लेटकर सो नहीं पातीं। इसलिए खोली। मैम को बता दूँगी कि क्यों खोली। आप नाराज़ हों तो हों, डॉक्टर के पास तो आज ही जाना पड़ेगा।"

काका माझ्याकडे बघायला लागले, मी मॅडमकडे. आम्ही दोघंही त्या एका शब्दाची वाट बघत होतो.

मॅडमनी हात पुढे केला. मुलीने पट्टा बांधला, रक्तदाब मोजला, पट्टा काढला. मग मॅडम काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या चपला द्या."